ओसगूडला पडलेलं एक मत

शुक्रवार, १ सप्टेंबर. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. कारण एकच. बावीस जानेवारीला आपल्या पक्षाचा कॉकस. राष्ट्राध्यक्षपदासाठी आपला माणूस निवडायची साऱ्या देशातली पहिली बैठक, आणि ती आपल्या आयोवात. आणि उभे कोण राहिलेत? चार जण. चारही एकाहून एक. सुतारकामाला आले असते तर मी एकालाही शेडचं दार बसवायला दिलं नसतं.

ठराव:
१) चौघांनाही प्रत्यक्ष भेटायचं. हात हातात घेऊन.
२) प्रत्येकाला शास्त्राच्या पट्टीने मोजायचं. सूट नाही.
३) या खेपेला ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणून कुणालाही मत द्यायचं नाही. मागच्या तीन खेपा दिलं. वीटही लागते.

बायकोला, अर्लिसला, ठराव वाचून दाखवले. ती फ्रीझरसाठी मक्याचे दाणे काढत होती. म्हणाली, डेलमर, आधी तळघरातल्या हीटरची जाळी साफ कर, मग देश साफ कर. बायकांना मोठं चित्र दिसत नाही.

जाळी उद्या.

मंगळवार, १२ सप्टेंबर

धान्य कोठाराच्या ऑफिसात नेहमीची सकाळची कॉफी. लॉईड बोसमा होताच. आमच्या वॉर्डाचा कॉकस तोच चालवतो, चोवीस वर्षं, कारण त्याच्याकडे माइक आहे. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की रेक्स कॅलोवेला मत देणं ख्रिस्ती माणसाला शक्य नाही. दोन घटस्फोट. स्टेजवर शिव्या. वर नदीतल्या जुगाराच्या बोटीत भागीदारी. असा माणूस चौघांत सगळ्यांच्या पुढे! लाज वाटते.

लॉईड म्हणाला, बोलून झालं असेल तर फासे टाक बाबा, तुझी पाळी आहे. टाकले. हरलो. सगळ्यांची कॉफी माझ्यावर.

नोंद: कॉफी कुणी पाजायची यासाठी फासे टाकणे हा जुगार नव्हे. आमचे वडीलही टाकायचे, आणि ते चर्चच्या पंचमंडळात एल्डर होते.

शनिवार, ३० सप्टेंबर

उमेदवार दुसरा: गव्हर्नर प्रुइट. जत्रेच्या मैदानावर डुकराच्या मांसाची मेजवानी. माणूस दक्षिणेतला, गोड बोलतो. बाप्टिस्ट आहे, म्हणजे आमच्या पंथाचा नाही, पण ते चालवून घेऊ. जेवणाआधीची प्रार्थना आमच्या पास्टर काइलने केली. तर हा पठ्ठ्या प्रार्थना चालू असताना फोन बघत होता! पुरते वीस सेकंद. संपला विषय. खोडला.

गाडीत अर्लिसने विचारलं, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना तुला कसं दिसलं रे? मी म्हटलं, देखरेख. ती म्हणाली, हो का, आणि शेवटचा हॅम बन माझ्या ताटलीतून उचलला.

हीटरची जाळी राहिली. हवा अजून गरम आहे, घाई नाही.

रविवार, २२ ऑक्टोबर. दुपारी ३

सेनेटर लेनोर हॅस्केट. प्रत्येक मुद्द्यावर पक्की. गर्भपाताविरुद्ध पक्की, शाळांबद्दल पक्की, स्तोत्रं पाठ. मी जवळजवळ ठरवलंच होतं. आज चर्चमध्ये आली, आमच्या पुढच्याच बाकावर बसली. उपदेश लांबला तरी हलली नाही. आणि मग? चर्च सुटल्यावर सगळा लवाजमा घेऊन हायवेवरच्या हॉटेलात जेवायला! रविवारी! प्रभूच्या दिवशी वाढपी पोरींना राबवायला! ज्या गावात रविवारी कुणी गवत कापत नाही, त्या गावात!

ऐकीव गोष्टीवर माणूस खोडायचा नाही म्हणून मी स्वतः हॉटेलात जाऊन खात्री केली. खरंच बसली होती. गेलोच होतो म्हणून थोडं जेवलो. भाजलेलं बीफ बरं होतं. कॉफी दोनदा भरून घेतली, कारण पोरगी सारखी विचारत होती, नाही म्हणणं उद्धटपणाचं.

अर्लिस घरी गार मीटलोफ खात बसली होती. म्हणाली, नाकाने कांदे सोलायला तुझ्याकडून शिकावं. मी रविवारी भांडत नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

सापडला!!

वेन्डेल ओसगूड. शेजारच्या नेब्रास्काचा. पूर्वी काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत होता, आता मधमाश्या पाळतो. गावच्या लायब्ररीत सभा. श्रोते चार: मी, अर्लिस, लायब्ररीयनबाई, आणि एक ट्रकवाला जो ऊब घ्यायला आत आला होता. ओसगूडने चौघांसमोर चाळीस मिनिटं अशी बाजू मांडली की जणू चारशे बसलेत. सहा मुलं. एकच बायको. व्हॅन स्वतः चालवत आला. बोटीबिटीत भागीदारी नाही. आणि शेवटी काय केलं? खुर्च्या आवरल्या! स्वतः! अर्लिसने एक धरली तर म्हणाला, राहू द्या ताई, मीच मांडल्यात.

मला भरून आलं. हे लिहायला लाज नाही.

परतताना अर्लिसने विचारलं, तुला हा मनापासून आवडलाय ना डेलमर? की बाकीचे खोडले म्हणून उरलाय? मी म्हटलं, अर्लिस, चौघांत हा एकच सरळ माणूस आहे, आणि सरळ माणसाला एकही मत पडलं नाही तर तो दोष त्याचा नाही, आपला. ती ‘हं’ म्हणाली. अर्लिसचे ‘हं’ बारा प्रकारचे आहेत. त्रेचाळीस वर्षं झाली, हा कोणता ते कळलं नाही.

तशी तिने आजवर कुणाला मत दिलं तेही मला कधी सांगितलेलं नाही. म्हणते, चिठ्ठी गुप्त असते. नवऱ्यापासून कसली आलीय गुप्तता!

सोमवार, २० नोव्हेंबर

ओसगूडच्या ऑफिसात फोन केला. त्याच्या मुलीने उचलला, मागे भांडी वाजत होती. मी म्हटलं, आमच्या वेस्टरबर्ग गावातून कॉकसला तुमच्यातर्फे बोलायला मी तयार आहे. ती म्हणाली, अय्या, खरंच? आणि ओरडून आईला सांगितलं. म्हणजे आता मी वेस्टरबर्ग-प्रमुख. अख्ख्या जिल्ह्यात दुसरा प्रमुख नाही, त्यामुळे जिल्हाप्रमुखही मीच.

कॉकसला प्रत्येक उमेदवारातर्फे एकाने उठून दोन मिनिटं बोलायचं. मग कोऱ्या चिठ्ठीवर ज्याने त्याने नाव लिहायचं, चिठ्ठ्या डब्यात, आणि मोजणी तिथेच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. म्हणजे सगळा खेळ त्या दोन मिनिटांचा.

भाषणाचा पहिला खर्डा झाला. एकोणीस मिनिटं.

शनिवार, २ डिसेंबर

कॅलोवे पिझ्झाच्या हॉटेलात आला होता. मी गेलो ते फक्त जुगाराच्या बोटीबद्दल तोंडावर विचारायला. प्रश्न कार्डावर लिहून नेला होता. पहिल्या रांगेत उभा राहिलो. तो आला, त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, डेलमर! कंबर कशी आहे आता? एप्रिलमध्येच ना ऑपरेशन? जपा बरं, तुमच्यासारख्यांच्या कंबरेवर तर हा देश उभा आहे.

मी म्हटलं, बरी आहे, सर. दोनदा म्हटलं. तोवर तो पुढे गेला होता. कार्ड खिशातच राहिलं.

वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो: टीव्हीवर दिसतो तितका उंच नाही. हात उबदार. नखं स्वच्छ.

घरी आल्यावर सांगितलं तर अर्लिस हसत सुटली. म्हणाली, अरे वेड्या, दारात लाल कोटातली एक पोरगी कागद घेऊन उभी होती, तिने तुझं नाव-गाव, तब्येत विचारली, मीच सांगितलं कंबरेचं. पोरीने त्याच्या कानात सांगितलं असेल.

असेल. पण लक्षात ठेवलं ना त्याने? पास्टर काइलने एप्रिलपासून एकदा तरी विचारलं का?

मत अर्थातच ओसगूडला. हा प्रश्नच नाही.

बुधवार, १३ डिसेंबर

भाषण अकरा मिनिटांवर आणलं. स्वयंपाकघरात उभं राहून अर्लिसला म्हणून दाखवलं, ओव्हनच्या घड्याळावर वेळ लावून. ती सांताक्लॉजच्या आकाराची बिस्किटं कापत होती. भाषण ऐकवायची ही चौथी खेप. तिने सुचवलं, स्वतःबद्दलचं सगळं काढ, दोन मिनिटं उरतील. काढलं. सव्वादोन उरली. योगायोग.

ते खुर्च्या आवरल्याचं मात्र ठेव, म्हणाली. आणि ‘दोष त्याचा नाही, आपला’ हेही ठेव. तेवढं बोलून परत बिस्किटं कापायला लागली.

आज टपालाने कॅलोवेचं पत्र. ‘प्रिय डेलमर.’ सहीवर थुंकी लावून पाहिली, शाई पसरली नाही. छापील. पत्र बायबलमध्ये ठेवलं, निव्वळ खूण म्हणून.

सोमवार, १ जानेवारी

नव्या वर्षाचे ठराव: कमी बोलणे. फासे बंद. हीटरची जाळी. तत्त्वापासून तसूभर न ढळणे.

मंगळवार, २ जानेवारी

फासे. हरलो. लॉईड म्हणतो, ओसगूडला मत म्हणजे जानेवारीत मका पेरण्यासारखं. हॅस्केटबाईंना पाडायचं तर कॅलोवेच्या मागे जोर लावायला हवा, कॅलोवेला पाडायचं तर हॅस्केटच्या, मधल्या मध्ये तुझं मत कुत्रं खाईल. सगळे हसले. मी उभा राहिलो आणि म्हटलं, मी एकटा असलो तरी एकटा उभा राहीन. कुणीतरी कॉफीचं मशीन चालू केलं.

पास्टर काइल (जीन्स घालतो, वय तेहतीस) तिथेच होता. म्हणाला, डेलमरकाका, निर्दोष माणूस मिळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर प्रभू परत येईपर्यंत थांबावं लागेल. मी म्हटलं, थांबेन.

शनिवार, २० जानेवारी

उणे अठरा. हीटर घरघरतोय. कॉकस झाला की बघतो.

गेल्या तीन आठवड्यांत कोठार, चर्च, न्हावी, पोस्ट, सगळीकडे भाषणाचा सारांश ऐकवला. ऐकताना ज्यांनी मान हलवली त्यांची यादी केली. लॉईडची मान हलली, पण त्याला कंपवात आहे म्हणून त्याला धरलं नाही. मी काटेकोर आहे. एकूण नावं सदतीस. पहिलं अर्थात माझं. आपल्या वॉर्डात साधारण एकशे वीस येतात. सदतीस म्हणजे खळबळ! टीव्हीवाले विचारतील, हे वेस्टरबर्ग कुठे आहे?

अर्लिसला धरलेलं नाही. फ्रिजवर चुंबकाने हॅस्केटचं पत्रक लावलंय महिनाभर. कटू आहे, पण सत्य आहे. आज सहाव्यांदा भाषण ऐकवलं. एक मिनिट पंचावन्न सेकंद. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. एकच भांडं पुन्हा पुन्हा पुसत होती. तिच्याकडून दाद मिळेल अशी अपेक्षाही नव्हती.

सोमवार, २२ जानेवारी. संध्याकाळी ५.२०

सूट. निळा टाय. भाषण आतल्या खिशात. कॅलोवेच्या प्रश्नाचं कार्डही त्याच खिशात सापडलं. प्रार्थना केली. सात वाजता शाळेच्या जिममध्ये. बाहेर इतकी थंडी की नाकातले केस कडकडतात. तरी लोक जातील. आम्ही वेस्टरबर्गची माणसं आहोत.

आज इतिहास.

मंगळवार, २३ जानेवारी. सकाळी ८

निकाल: कॅलोवे ६१. हॅस्केट ४०. प्रुइट १७. ओसगूड १.

हीटर बंद पडलाय. स्वयंपाकघरात कोट घालून लिहितोय. बोटं वळत नाहीत, म्हणून थोडक्यात.

भाषण उत्तम झालं. खुर्च्यांच्या गोष्टीवर जिम शांत झाली. ‘दोष त्याचा नाही, आपला’ म्हणताना माझा आवाज कापला, तो मुद्दाम नव्हता. टाळ्या पडल्या. बसलो तर शेजारचे लोक म्हणाले, छान बोललास डेलमर. चिठ्ठ्या वाटल्या. मग लॉईडने मोजणी केली, एकेक चिठ्ठी उघडून माइकवर नाव वाचत. कॅलोवे, कॅलोवे, हॅस्केट, कॅलोवे. अगदी शेवटी-शेवटी एक चिठ्ठी उघडली, चष्मा वर केला आणि म्हणाला, ओसगूड, एक! आणि कुणाचं ते सांगायला नको! सगळी जिम हसली. पण वाईट हसली नाही. लोक उठून माझ्या खांद्यावर थोपटून गेले. लॉईडने हात हातात घेतला. म्हणाला, तुझं मला कधी पटत नाही, पण बोललास ते केलंस, मानलं बुवा. चोवीस वर्षांत लॉईड माझ्याशी असं बोलला नव्हता.

अर्लिस खुर्चीत बसून कोटाची बटणं लावत होती. माझ्याकडे पाहिलं नाही. दमली असेल.

मंगळवार, २३ जानेवारी. सकाळी १०.१५

ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. म्हणून नोंदवतो.

ते मत माझं नव्हतं.

कसं झालं: चिठ्ठी हातात आली. पेन्सिल बोथट. आजूबाजूला कुजबुज, कॅलोवे की हॅस्केट, कॅलोवे की हॅस्केट. ओसगूडला माझं एकट्याचं मत गेलं काय, न गेलं काय, छत्तीस तर पडणारच होती. मग वाटलं, निदान एक मत तरी जिंकणाऱ्या बाजूला असावं. मग, कसं कोण जाणे, कंबरेचं आठवलं. हात आपोआप चालला. मी ‘कॅलोवे’ लिहिलं. स्वच्छ अक्षरात. चिठ्ठीची चार वेळा घडी घातली.

दगडापेक्षा वीट नव्हे. चांगला मोठा दगडच उचलला.

पण याची एक दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणं चुकीचं ठरेल. ते एक मत कुणाचं? म्हणजे त्या जिममध्ये असा एक माणूस होता ज्याचं मन माझ्या भाषणाने पालटलं! अनोळखी, गप्प, सरळ माणूस. त्याला शोधायला हवं. त्याचे आभार मानायला हवेत.

हीटरवाला उद्या येतो म्हणाला. जाळीत अख्खं मांजर निघेल, म्हणाला फोनवरच.

शुक्रवार, २६ जानेवारी

शोध. न्हाव्याला आडून विचारलं: परवा भाषणानंतर कुणी अस्वस्थ दिसलं का? म्हणाला, तूच. पोस्टातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मी हॅस्केटची, पण तुमचा अभिमान वाटला हो काका, एकटे उभे राहिलात. मी म्हटलं, काय एवढं त्यात. दुसरं काय म्हणणार? भर पोस्टात?

अर्लिस चार दिवस जेवढ्यास तेवढं बोलते. मीठ दे. दार लाव. हीटर दुरुस्त झालाय, म्हणजे तेही कारण नाही.

रविवार, २८ जानेवारी. दुपारी १

आज पास्टर काइलने उपदेशात माझं उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही, पण ‘आपल्यातला एक जण, जो एकटा उभा राहिला’ म्हटल्यावर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पाठीमागच्या बाकावरून कुणीतरी खांदा दाबला. नंतर काइल दारात म्हणाला, पुढच्या बुधवारी तरुण मंडळासमोर यावरच बोला ना काका. मी म्हटलं, बघतो. नाही म्हणणार होतो, पण मागे रांग होती.

आणखी एक. उपदेशाचा पहिला मुद्दा सुरू झाला की अर्लिस पर्समधून पेपरमिंट काढते, एक मला, एक तिला. दुसऱ्या मुद्द्याला पुन्हा. लग्नाआधीपासून. आज तिने काढला, एकच, आणि स्वतःच्या तोंडात टाकला. तिन्ही मुद्द्यांना.

सोमवार, २९ जानेवारी. सकाळी ११

विचारलं. न्याहारीला.

म्हटलं, अर्लिस, काही बिनसलंय का? ती म्हणाली, तू बुधवारी त्या पोरांसमोर काय सांगणार आहेस? मी म्हटलं, तत्त्वाबद्दल दोन शब्द. ती म्हणाली, कुणाच्या?

मी कॉफी ढवळली. मी कॉफीत साखर घालत नाही.

मग म्हणाली, डेलमर, ओसगूडला दोन मतं पडायला हवी होती. लॉईड एक म्हणाला ना, तेव्हाच मला कळलं. तिथे बटणं लावता लावता. मी हाताच्या बोटांवर पुन्हा मोजलं, म्हटलं ऐकण्यात चूक झाली असेल.

मी फ्रिजकडे बोट दाखवून म्हटलं, पण ते हॅस्केटचं पत्रक? ती उठली, पत्रक काढून उलटं केलं. मागे भोपळ्याच्या पायची कृती.

म्हणाली, तू लायब्ररीतून येताना म्हणालास की हा एकच सरळ माणूस आहे आणि त्याला एकही मत पडलं नाही तर दोष आपला. नंतर सहा वेळा इथे उभं राहून तेच म्हणालास. त्रेचाळीस वर्षांत तुझं भाषण मला पहिल्यांदा पटलं रे. खरं वाटलं मला.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. ताटल्या उचलल्या आणि सिंकपाशी गेली. आता तिथेच आहे.

काइलला फोन केला. बुधवारी येत नाही म्हटलं. त्याने कारण विचारलं. ‘कंबर’ हा शब्द ओठावर आला होता. गिळला. म्हटलं, ते मत माझं नव्हतं. तो म्हणाला, मग कुणाचं हो काका? मी म्हटलं, चिठ्ठी गुप्त असते.

आत्ता सदतीस नावांची ती यादी पुन्हा काढून पाहिली. पहिलं नाव माझं. अर्लिसचं कुठेच नाही.